अवधचे खालसा होणे

लखनौच्या अमीनाबाद पेठेस नाव मिळाले ते बादशहा अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्यावरून. अमजद अली १८४७ साली वारले. पुढे दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच ७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने अवधचे राज्य खालसा केले. वाजिद अली शाह यांनी आपली पगडी रेसिडेंट औट्रमच्या हाती ठेवली; तहावर सही मात्र केली नाही.

अमेरिकेतील वसाहतींत १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वकील, छापखानेवाले व व्यापारी एकदमच दुखावले गेले होते. अवधमध्येही तसेच घडले. बादशाही फौज मोडल्याने शिपाई बेकार झाले. अफूवर कर बसताच शहरातील गरीबही कुरकुरू लागला.

जमिनीचा प्रश्न अधिक बिकट. तालुकदारांकडील २३,५४३ गावांपैकी ९,९०३ गावांचा बंदोबस्त नव्या सरकारने इतरांशी केला. जमीन मिळालेला शेतकरी आपला ऋणी राहील, हा अंमलदारांचा हिशेब कागदावर बिनचूक होता. पण सारा रोख आणि ठरल्या तारखेस भरावा लागे. तालुकदार जुलमी खरा, तरी अडल्या वेळी तो थांबे. १८५७ च्या उन्हाळ्यात पुष्कळ गावे पुन्हा त्याच्याच पाठीशी उभी राहिली, यात नवल नाही.

कंपनीच्या बंगाली पलटणींतील शिपायांचा फार मोठा भाग अवधच्या खेड्यांतला. घरच्या जमिनीचा तंटा असला, तर शिपायाचा अर्ज रेसिडेंटमार्फत दरबारात जाई आणि गावात त्याचा दरारा राही. राज्य बुडाले तसा हा हक्कही बुडाला. सरकारचा शिपाई इतर पक्षकारांच्या रांगेत जाऊन बसला. त्यातच जुलै १८५६ मध्ये नव्या भरतीच्या शिपायाने समुद्रापलीकडेही गेले पाहिजे, असा कायदा झाला. जुन्यांना तो लागू नव्हता, हे खरे. परंतु शिपाईगिरी घराण्यात चालत आलेली. बाप सुटला तरी मुलगा अडकणारच होता.

एप्रिल १८५७ मध्ये नानासाहेब पेशवे लखनौस येऊन गेले. बाजीरावांचे आठ लाखांचे वर्षासन त्यांना नाकारून कंपनीने तेही घर दुखावले होते. ३० मेच्या रात्री लखनौच्या छावणीत शिपाई उठले.

मार्च १८५८ मध्ये शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती आले. कॅनिंगने प्रथम जवळजवळ साऱ्या अवधची जमीन जप्त केल्याचा जाहीरनामा काढला. आणि मग शरण आलेल्या तालुकदारांनाच ती सनदा देऊन परत केली.