खोकड, डुक्कर आणि दोन गरुड : सांताक्रूझ बेटाचा इतिहास

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर प्रशांत महासागरात आठ बेटांचा एक समूह आहे. त्याला चॅनल बेटे म्हणतात. त्यांतील सांताक्रूझ हे सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस किलोमीटर, हवामान समशीतोष्ण. या बेटाचा मूळचा शिकारी प्राणी म्हणजे मांजराएवढे एक खोकड. मुख्य भूमीवरील करड्या खोकडाचा हा वंशज हजारो वर्षांच्या एकांतवासात आकाराने लहान होत गेला. आठांपैकी सहा बेटांवर तो आढळतो आणि प्रत्येक बेटावर त्याची वेगळी उपजात आहे. त्याची शिकार करणारे तेथे कोणीच नसल्यामुळे तो दिवसाढवळ्याही निर्धास्त हिंडत असे.

१९९०च्या दशकात काही वर्षांतच हे चित्र पालटले. सांताक्रूझवरील खोकडांची संख्या सुमारे दीड हजारांवरून शंभराच्या आत आली. शेजारच्या सॅन मिगेल आणि सांता रोझा या बेटांवर तर प्रत्येकी अवघी पंधरा खोकडे उरली. रोगाची साथ आली असावी, असा संशय प्रथम घेतला गेला. परंतु मृत खोकडांच्या अंगावरील खुणा सोनेरी गरुडाच्या नख्यांच्या होत्या. हा गरुड पूर्वी या बेटांवर घरटे करीत नसे. मग तो आताच का आला?

या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पशुपालकांनी सांताक्रूझवर मेंढ्या आणि डुकरे आणली. मेंढ्यांनी झुडपे खाऊन डोंगरउतार उघडे केले, त्यामुळे लपायच्या जागा कमी झाल्या. डुकरे मोकाट सुटून रानटी बनली आणि बेटभर पसरली. तरीही खोकडे टिकून होती, कारण बेटांवर एक अप्रत्यक्ष पहारेकरी होता: पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल. त्याचे मुख्य खाद्य मासे आणि समुद्रपक्षी. खोकडांच्या वाटेला तो सहसा जात नसे. मात्र आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला तो थारा देत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या सांडपाण्यातून डीडीटी हे कीटकनाशक मोठ्या प्रमाणावर समुद्रात जाऊ लागले. ते माशांच्या शरीरात साठले आणि माशांवाटे गरुडांपर्यंत पोहोचले. त्यामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की ती उबवतानाच फुटत. १९६०च्या सुमारास बाल्ड ईगल या बेटांवरून नाहीसा झाला. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली, परंतु पहारा तोवर उठला होता. पुढे सोनेरी गरुड आले तेव्हा त्यांना अडवणारे कोणी नव्हते आणि डुकरांची पिले हे आयते खाद्य समोर होते. केवळ खोकडांवर या गरुडांचा निभाव लागला नसता. डुकरांनी गरुडांना पोसले आणि गरुडांनी खोकडांना संपवत आणले. गॅरी रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी २००२ साली शोधनिबंधातून मांडली.

मग डुकरे हटवली की प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने नेमका उलट इशारा दिला: गरुड तेथे असताना केवळ डुकरे नाहीशी केली, तर भुकेले गरुड उरलेल्या खोकडांवर तुटून पडतील. म्हणजे उपायापेक्षा उपायांचा क्रम महत्त्वाचा होता. सोनेरी गरुड स्वतः कायद्याने संरक्षित; त्याला मारणे शक्य नव्हते. म्हणून १९९९ ते २००६ या काळात ४४ गरुड जिवंत पकडून मुख्य भूमीवर दूर सोडण्यात आले. खोकडांची पिंजऱ्यात पैदास सुरू झाली. २००२पासून बाल्ड ईगल पुन्हा आणले गेले आणि २००६ साली त्यांचे पिलू बेटावर नैसर्गिक रीतीने जन्मले. २००५-०६मध्ये पाच हजारांहून अधिक डुकरे मारण्यात आली. या हत्येला प्राणिहक्कवाद्यांनी विरोध केला आणि वाद न्यायालयात गेला. डुकरे स्वतःहून बेटावर आलेली नव्हती, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. २००४ साली संकटग्रस्त ठरलेल्या या तीन बेटांवरील खोकडांच्या उपजाती २०१६ साली त्या यादीतून बाहेर पडल्या.

मूळचा प्राणी कोणता आणि आणलेला कोणता, हा भेदही वाटतो तितका सरळ नाही. दक्षिणेकडील बेटांवर खोकडे आदिवासींनी होड्यांतून नेली असावीत, असे अनेक संशोधक मानतात. आपल्या अंदमानातही असाच पेच आहे. ब्रिटिश अमलात तेथे नेलेली चितळे आता रानात वाढली आहेत. त्यांना खाणारा वाघ किंवा बिबट्या तेथे नाही आणि कोवळी रोपे त्यांच्या तोंडी पडतात. मुख्य भूमीवर जे चितळ जंगलाचा मूळचा घटक आहे, तेच बेटावर परके ठरते. तेथे काही करायचे झाल्यास आधी हे तपासावे लागेल की त्या चितळांवर आज आणखी कोण कोण अवलंबून आहे.