पेटी, तराणा आणि ट्रम्पेट : सी. रामचंद्र संगीतरचना कोठे शिकले?

१/
शेवगावात लग्नाची वरात निघाली की बँडपथकातील ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट जुनी चित्रपटगीते वाजवू लागतात. वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती कागदावरून शिकलेली नसतात. कानाने उचललेली असतात. भगवानदादांच्या ज्या नाचाची नक्कल आजही वरातीत होते, तो ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातला. त्या चित्रपटाचा संगीतकार याच जिल्ह्यात जन्मला होता, हे मात्र नाचणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

२/
गोदावरी कोपरगावाकडून अहिल्यानगर जिल्ह्यात येते, पुणतांब्याजवळून वाहते आणि पुढे शेवगाव तालुक्याची उत्तर सीमा होते. तेथे आज जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरला आहे. याच नदीकाठच्या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखले. राग, लोकधून, जॅझ आणि लॅटिन अमेरिकी ताल या सर्वांत लीलया वावरणारा हा संगीतकार रचना करायला शिकला कोठे?

३/
या प्रश्नाचे उत्तर एका शाळेच्या नावाने देता येत नाही. त्या काळात ‘संगीतरचना’ हा स्वतंत्र विषय म्हणून शिकण्याची सोय सामान्य मराठी मुलाला नव्हती. ख्यालगायकीत गुरूकडून चीज मिळे. तिची अस्ताई आणि अंतरा मिळून अवघ्या चार-सहा ओळी. त्यावर अर्धा-पाऊण तास उभा करायचा तो आलाप, बोलताना आणि ताना यांतून. या जागच्या जागी घडणाऱ्या निर्मितीला आपल्याकडे ‘उपज’ म्हणतात. गायक आणि रचनाकार अशी तेथे फारकत नव्हती.

४/
ही विद्या घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणण्याचे मोठे कार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी केले. १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वर्ग, परीक्षा, पाठ्यपुस्तके आणि स्वरलेखन हा त्यांचा मार्ग. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि पुढे ‘रागविज्ञान’ची पुस्तकमाला लिहिली. रामचंद्र चितळकरांनी विनायकबुवांकडे शिक्षण घेतले. नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडेही ते शिकले.

५/
विनायकबुवांची एक ख्याती येथे लक्षात ठेवावी : ते तराण्यासाठी प्रसिद्ध होते. तराण्यात ‘तन देरे ना’, ‘तोम’, ‘दीम’ अशी अक्षरे असतात. त्यांना रूढ अर्थ नसतो. त्यांचे काम नादाचे आणि लयीचे. अर्थाचे ओझे उतरवले की शब्द वाद्यासारखा वाजवता येतो, हे तराणा शिकणाऱ्याच्या अंगवळणी पडते. अमेरिकेत त्याच सुमारास जॅझगायक अर्थहीन अक्षरांनी गात होते. त्या प्रकाराला ‘स्कॅट’ म्हणत. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे एका मराठी संगीतकाराच्या कामात त्या शेजारी येऊन बसल्या.

६/
तरुण चितळकरांना खरे तर पडद्यावर यायचे होते. ‘नागानंद’ (१९३५) या चित्रपटात ते नायक होते. चित्रपट चालला नाही. त्यानंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका मिळाल्या. अभिनयाची वाट अशी अरुंद होत गेली, तेव्हा उपयोगी पडली ती पेटी. मिनर्व्हातील संगीतकार बिंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्याबरोबर ते हार्मोनियम वाजवू लागले. त्यांच्या आयुष्यातील दुसरी शाळा ही.

७/
पेटी मूळची युरोपीय. मांडी घालून बसून वाजवण्याजोगे रूप तिला बंगालमध्ये मिळाले आणि कीर्तन, भजन, नाटक, तमाशा अशा सर्व ठिकाणी ती पोहोचली. तिच्या पट्ट्या बारा स्वरांवर बांधलेल्या. त्यामुळे मींड निघत नाही आणि सूक्ष्म श्रुती लागत नाहीत, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप. १९४० साली आकाशवाणीने तिला स्टुडिओबाहेर काढले. ती बंदी सत्तरच्या दशकाच्या आरंभी सैल झाली.

८/
मराठी रंगभूमीने मात्र पेटीची दुसरी बाजू आधीच ओळखली होती. गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादक. त्यांनी ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या पदांना चाली दिल्या आणि प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटालाही संगीत दिले. साथीदार पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, पुढची जागा हेरतो आणि मोकळ्या जागा भरतो. निरनिराळ्या गायकांच्या सवयी रोज बोटांखालून गेल्या की चाल कशी बांधली जाते, कोठे ताणली जाते, कोठे कोसळते हे कळू लागते. साथ ही रचनेची उमेदवारीच असते.

९/
स्वतंत्र कामाचा आरंभ परक्या भाषेत झाला. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या दोन तमिळ चित्रपटांना चितळकरांनी संगीत दिले. मग भगवानदादांचा ‘सुखी जीवन’ (१९४२) आला आणि हिंदीत जम बसला. या काळात त्यांनी नावेही अनेक घेतली : कधी राम चितळकर, कधी अण्णासाहेब, कधी श्यामू. पार्श्वगायक म्हणून ते नुसते ‘चितळकर’ राहिले. संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ हे नाव रूढ झाले.

१०/
तिसरी शाळा त्यांना मुंबईतच भेटली. तिची मुळे मात्र गोव्यात होती. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, गाणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. पाश्चात्त्य स्वरलिपी पाच रेषांवर लिहितात आणि एकाच वेळी अनेक वाद्यांनी काय वाजवायचे ते तिच्यात मांडता येते. पलुस्कर आणि भातखंडे यांच्या लिप्या एका गळ्यातून निघणाऱ्या एका सुरावटीसाठी घडलेल्या होत्या. दोन्ही लिप्यांचे सामर्थ्य वेगळे, कारण दोन्ही संगीतांच्या गरजा वेगळ्या.

११/
हे गोमंतकीय वादक पोटासाठी मुंबईला आले आणि लष्करी बँड, मूकपटांची चित्रगृहे, हॉटेले अशा ठिकाणी वाजवू लागले. १९३५ साली अमेरिकन कृष्णवर्णीय संगीतकार लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या सहवासात आणि ध्वनिमुद्रिका ऐकून गोमंतकीयांनी जॅझ आत्मसात केले. स्वरलिपी चर्चने शिकवली होती. उपज त्यांना कानाने शिकावी लागली.

१२/
जॅझमधील उपजेला आपल्या आवर्तनासारखीच चौकट असते. स्वरसंघांची एक ठरलेली साखळी पुन्हा पुन्हा फिरते आणि एकेक वादक तिच्यावर आपली सुरावट जागीच रचतो. ख्यालात रागाचे चलन पाळून समेवर यायचे असते. जॅझमध्ये बदलत्या स्वरसंघांशी नाते राखून फेरी पूर्ण करायची असते. बंधने वेगळी असली तरी आधी रियाजाने चौकट अंगात भिनवायची आणि मग तिच्यात मोकळे व्हायचे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

१३/
या वादकांत आल्डोन्याचे आंतोनियो शाविएर वाझ होते. ‘चिक चॉकलेट’ या नावाने आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग या बिरुदाने ते गाजले. स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोता ओसरला, मुंबई इलाख्यात दारूबंदी कडक झाली आणि हॉटेलांतील रात्री फिक्या पडल्या. जॅझवादकांची पावले चित्रपटांच्या स्टुडिओंकडे अधिक वळली. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम केले. जॉनी गोम्स हेही त्यांच्या गोमंतकीय सहायकांपैकी एक.

१४/
तेव्हाच्या स्टुडिओतील रीत अशी होती : संगीतकार पेटीवर चाल बसवी, गाऊन दाखवी. सहायक ती सरगमीत टिपून घेई. मग संयोजक ती पाच रेषांवर आणून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांचे वेगवेगळे कागद तयार करी. सतार, बासरी, ढोलकी वाजवणारे बहुधा ऐकूनच आपला वाटा बसवत. मुखी विद्या, कागदी विद्या आणि कानाची विद्या एकाच खोलीत, एका गाण्यापुरती, एकमेकींकडून शिकत. संगीतरचनेचे विद्यापीठ म्हणावे तर ते हेच.

१५/
‘शहनाई’ (१९४७) मध्ये सी. रामचंद्र यांनी शीळ आणि पाश्चात्त्य वाद्ये चालीत मिसळली. ‘अलबेला’त एका गाण्याला बोंगो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची धमाल आहे, तर त्याच चित्रपटातील अंगाईगीत पिलू रागाच्या छायेत निजते. ‘अनारकली’ (१९५३) मध्ये भीमपलास आहे. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ अर्थहीन अक्षरांवर नाचते. तराण्याच्या आचार्यांकडे शिकलेल्या माणसाला अर्थावाचून गाणे परके वाटले नसावे, असा तर्क येथे करता येतो.

१६/
यात सारेच स्वतःचे होते असे नाही. ‘समाधी’ (१९५०) मधील त्यांचे एक गाजलेले गाणे परदेशी लॅटिन धुनेवर बेतलेले आहे. नकलेचा आरोप त्या पिढीतील अनेक संगीतकारांवर झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु उचललेली धून पचवणे हीही शिकण्याची एक पायरी असते. फरक पुढच्या कामात दिसतो : सी. रामचंद्र यांच्या उत्तम गाण्यांत पाश्चात्त्य वाद्य वरून चिकटवलेले वाटत नाही, चालीच्या अंगानेच ते येते.

१७/
राज्यकर्त्यांना हे मिश्रण रुचले नाही. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बी. व्ही. केसकर हे मराठी भाषक, स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. शास्त्रीय गायकांना नभोवाणीने मोठा आधार दिला, हे केसकरांच्या धोरणाचे श्रेय. पण ज्ञान कोणते आणि करमणूक कोणती, ही रेघ मारताना स्टुडिओतील सारी विद्या करमणुकीच्या बाजूला पडली.

१८/
त्याची किंमत वादकांनी मोजली. ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव येई. संयोजक, ट्रम्पेटवादक, सॅक्सोफोनवादक बहुधा अनाम राहत. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे जाहीर प्रयोग मुंबईत केले. पण त्यांचे नाव देशाच्या ओठांवर आले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तील एका काल्पनिक पात्रामुळे. त्या चित्रपटाच्या संगीतकारांपैकी प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे व्हायोलिनचे शिष्य. गुरूची नोंद राहिली ती शिष्याने ठेवली म्हणून.

१९/
सी. रामचंद्र यांनी स्वतःची नोंद स्वतः केली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये आले. त्याआधी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांवरील गीत गायले. ती चाल सी. रामचंद्र यांचीच. बोंगो-ट्रम्पेटच्या या उस्तादाने तेथे वाद्यांना मागे ठेवून शब्द पुढे येऊ दिला. कोठे थांबायचे हेही रचनाकाराला शिकावे लागते. ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

२०/
आता पुन्हा शेवगावची वरात. ब्रिटिशांच्या लष्करी बँडमधून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट संस्थानिकांच्या दरबारात गेले आणि तेथून गावोगावच्या वरातीत आले. नाचणारे हलायला तयार नसले की बँडवाला मुखडा फिरवत ठेवतो, लय चढवतो, मध्येच दुसऱ्या गाण्याचा तुकडा गुंफतो आणि नेमका ठोक्यावर परत येतो. हीसुद्धा उपजच. तो ती कोणाकडून शिकला, पथक कोणी उभे केले, पहिली गाणी कोणती बसवली, याची लेखी नोंद क्वचितच सापडते. स्टुडिओतील अनेक वादक नोंद होण्याआधीच निघून गेले. तालुक्यातील जुने बँडवाले अजून भेटतात. त्यांची नावे आणि त्यांच्या गुरूंची नावे आजही विचारून लिहून घेता येतील.

(धागा समाप्त)