छायाचित्राचा समास

वहीच्या पानावर समास सोडायला आपण मुलांना प्राथमिक शाळेतच शिकवतो. छायाचित्राभोवतीची पांढरी कड हाही एक समासच. पण घरी छायाचित्र छापताना चारही बाजूंना सारखा समास सोडायला जावे, तर एकतर चित्र कापले जाते, नाहीतर दोन बाजूंना समास रुंद आणि दोन बाजूंना अरुंद राहतो. दोष हाताला किंवा यंत्राला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा इतिहासात असते. चित्राचा आकार एका परंपरेतून आला आणि कागदाचा दुसऱ्या. त्या दोन्ही परंपरांची ओळख करून घेऊ या.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सुरुवातीचे सभासद. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या काळी निगेटिव्ह कागदावर किंवा काचेवर घेत. ती संवेदनशील कागदावर दाबून ठेवायची आणि लाकडी चौकट उन्हात धरायची. जेवढी निगेटिव्ह तेवढेच चित्र. छापलेला पातळ कागद कडा कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत, त्यामुळे समास हा पुठ्ठ्याचा असे आणि हवा तसा सोडता येई. काचांच्या ठरावीक मापांपैकी ‘फुल प्लेट’ साडेआठ बाय साडेसहा इंचांची, तर ‘क्वार्टर प्लेट’ सव्वाचार बाय सव्वातीन इंचांची होती. हे आकार चौरसाच्या बरेच जवळचे. फोटोच्या कागदाचे १० × ८ इंच हे माप याच परंपरेतले.

दुसरी परंपरा सिनेमाची. तिचे मराठी घराशी जवळचे नाते आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा, छपाईचे यंत्र आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. कोरी फिल्म छिद्रांविना येई. ३५ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीच्या दोन्ही कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. एका चौकटीला प्रत्येक कडेला चार छिद्रे. त्यांतले अंतर जरा कमीजास्त झाले, तर पडद्यावर चित्र थरथरणार. म्हणजे कडेचा समास हा इथे केवळ शोभेचा भाग नव्हता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ या घरगुती अचूकतेवरही उभा होता.

त्या मूकपटांच्या फिल्मवरची चौकट सुमारे २४ × १८ मिलिमीटरची, म्हणजे ४:३ प्रमाणाची असे. त्याच सुमारास जर्मनीत लाइट्झ कंपनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी हीच फिल्म लहान कॅमेऱ्यात आडवी घातली आणि दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली. १८ चे झाले ३६. यातून ३६ × २४ हे ३:२ प्रमाण जन्मले. १९२५ पासून विकल्या जाऊ लागलेल्या ‘लायका’ कॅमेऱ्याने ते जगभर नेले. आजच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतही तेच आहे. कागद मात्र ५:४ चाच राहिला.

आता थोडे गणित. कागदाच्या चारही बाजूंना सारखा समास सोडला, की लांबी आणि रुंदी दोन्ही सारख्याच प्रमाणात नव्हे, तर सारख्याच अंतराने घटतात. म्हणून त्यांची वजाबाकी बदलत नाही, गुणोत्तर बदलते. १० × ८ कागदावर ही वजाबाकी २. चित्र ३:२ चे हवे, तर बाजू ३ × २ = ६ आणि २ × २ = ४ इंच. समास पडतो तब्बल २ इंचांचा! ७ × ५ कागदावरही वजाबाकी २ च, म्हणून चित्र पुन्हा ६ × ४, पण समास फक्त अर्धा इंच. ए-४ कागद २९७ × २१० मिलिमीटरचा, वजाबाकी ८७. चित्र २६१ × १७४, समास बरोबर १८ मिलिमीटर.

हे गणित न करता १० × ८ कागदावर अर्ध्या इंचाचा समास धरला, तर चित्राला जागा उरते ९ × ७ इंच. ३:२ चे चित्र ७ इंच उंच केले, की ते साडेदहा इंच लांब होते. दीड इंच, म्हणजे चित्राचा सातवा हिस्सा, कापावा लागतो. समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या धानाच्या बांधीतील सारस जोडीचे ते चित्र आहे आणि चित्राच्या कडेला त्यांचे पिल्लू उभे आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. अशा वेळी कापलेला सातवा हिस्सा म्हणजे कागदाची बचत नव्हे, तर नोंदीतून गेलेला एक पक्षी असू शकतो.

मोबाइलचे चित्र बहुधा ४:३ चे, फाळक्यांच्या चौकटीच्याच प्रमाणाचे. १० × ८ कागदावर ते ८ × ६ इंचांचे आणि बरोबर १ इंच समासाचे येते. ए-४ कागदावर मात्र जमत नाही, कारण कागदच चित्रापेक्षा अधिक लांबट आहे. तिथे चित्र २४० × १८० मिलिमीटरचे छापावे, तीन बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडावा आणि लांबीतून २७ मिलिमीटरची पट्टी कापून टाकावी. चित्राऐवजी कागद कापलेला बरा.

एक यांत्रिक अडचण उरते. शाईच्या अनेक प्रिंटरांना कागदाचे शेवटचे टोक रुळांत धरावे लागते, म्हणून खाली कोरी जागा जास्त राहते. संगणकाने चित्र छापता येणाऱ्या जागेच्या मध्यावर ठेवले, तर ते कागदाच्या मध्यावर नसते. यासाठी आधी साध्या कागदावर नुसता आयत छापावा आणि चारही समास पट्टीने मोजावेत. वर १५ आणि खाली २१ मिलिमीटर आले, तर फरकाच्या निम्म्याने, म्हणजे ३ मिलिमीटर, चित्र खाली सरकवावे.

गुणोत्तर शिकवताना वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. मुलांना वेगवेगळ्या मापांचे कागद द्यावेत आणि ३:२ च्या चित्राला कोणत्या कागदावर सारखा समास मिळेल, ते आधी वजाबाकीने सांगायला लावावे. मगच पट्टी हातात द्यावी.