औट्रम घाट आणि धरणगावची पलटण

पुण्याहून चाळीसगावला घरी जाताना कन्नडनंतर औट्रम घाट लागतो. लहानपणी मला तो 'औटराम' वाटायचा, म्हणजे असेल कुठला तरी राम! कॉलेजात गेल्यावर कळलं की हा जेम्स औट्रम नावाचा गोरा साहेब. मग काय, गेला अख्खा रविवार गॅझेटियर उघडून बसलो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. डोंगरातले भिल्ल मात्र ऐकेनात. फौजा पाठवून झाल्या, उपयोग शून्य. शेवटी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात ठरलं, त्यांच्यातलेच शिपाई करायचे. १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. उभी करणारा औट्रम तेव्हा २२ वर्षांचा. (त्या वयात आपण कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय उसना मागत होतो. असो.) पठ्ठ्या भिल्लांमध्ये राहिला, त्यांना घेऊन शिकारी केल्या. दहा वर्षांत १९१ वाघ म्हणे! काही वर्षांतच पलटण सहाशेच्या आसपास गेली.

ही आघाडीवर जाणारी पलटण नव्हे. हिने आपल्याच मुलखात नाकी, घाट, खजिना, कैदी सांभाळायचे, म्हणजे खडी फौज दुसरीकडे मोकळी. बॅकअप सर्व्हरच म्हणा ना.

त्या बॅकअपची खरी परीक्षा १८५७ ला झाली. सेंधवा घाटाच्या राखणीला कंपनीनेच नेमलेला खाज्या नाईक उलटला. भीमा नाईक त्याला मिळाला, घाटात सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. आणि या सगळ्या काळात धरणगावची पलटण कंपनीशी इमान राखून राहिली.

गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही. ज्यांना आधी नुसतं हाकललं जात होतं त्यांना पलटणीत पगार होता, गणवेश होता, मागचे गुन्हे माफ होते. तिकडे खाज्यानेही काही वर्षं त्याच कंपनीचा पगार घेतलाच होता की.

औट्रम पुढे लखनौत गाजला, १८६३ मध्ये वारला, वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. पलटण १८९१ मध्ये पोलिसात विलीन झाली. साहेबाच्या नावाचा घाट आहे, त्याच्या सहाशे शिपायांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही.

पुढच्या सुट्टीत धरणगावला चक्कर मारणार आहे. येतंय का कोणी?