जव्हार-मोखाड्यातील शेवगा: शेंगेआधी पाल्याचा विचार करा

शेवग्याची माहिती बहुतेक ठिकाणी शेंगेपासून सुरू होते. जव्हार-मोखाड्यात मात्र शेंगा उतरतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि तेव्हा पाड्यावरची अनेक कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली असतात. उलट श्रावण-भाद्रपदात माणसे घरी असतात, साठवलेली नागली आणि भात संपत आलेला असतो, नवे पीक अजून शेतात उभे असते. लहान मुलांच्या कुपोषणाचा धोका या महिन्यांत वाढतो आणि शेवग्याला पालाही याच काळात भरपूर असतो. म्हणून घराजवळची दोन-तीन झाडे पाल्यासाठीच सांभाळा. शेंगा नंतर मिळतातच.

१०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. शेंगेत प्रथिने याच्या निम्म्याहून कमी. 'पालकाच्या पंचवीसपट लोह' अशा जाहिरातींना भुलू नका. तिथे वाळलेल्या पाल्याची भुकटी ओल्या पालकाशी तोललेली असते. पाला वरणात शिजवून नागलीच्या भाकरीबरोबर दिला तरी पुरे.

जागा निवडताना चूक झाली तर झाड हमखास जाते. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शेवग्याच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. भातखाचरात किंवा खोलगट जागी लावू नका. वरकस जमिनीचा उतार, रुंद बांध किंवा अंगणातला उंचवटा निवडा. उन्हाळ्यात भांडी घासलेले पाणी झाडाकडे वळवता आले तर उत्तम.

घराजवळ चांगल्या झाडाचे मनगटाएवढे जाड, ३ ते ४ फूट लांब छाट लावावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण रुचिरा' ही जात छाटापासून लावली जाते. बांधावर मात्र मे महिन्यात पिशवीत बी टोकून केलेली रोपे बरी. त्यांचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे वाऱ्यात आणि टंचाईत झाड तग धरते. तमिळनाडूची 'पीकेएम-१' लवकर शेंगा देते, पण उन्हाळ्यात पाण्याची सोय नसेल तर तिच्या मागे लागू नका.

छाटणीला लोक कचरतात. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. झाड उंच वाढले की फांद्या मोडतात आणि पाला हाताला लागत नाही. रोप ३ फुटांचे झाल्यावर शेंडा खुडा. मोठे झाड दरवर्षी शेंगा संपल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी, ३ ते ४ फुटांवर तिरका काप देऊन छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. नवे फुटवे आले की सप्टेंबरपर्यंत आलटूनपालटून फांद्यांचा पाला काढा. एकदम सगळे झाड ओरबाडू नका. ऑक्टोबरपासून हात आवरा, म्हणजे फुले धरतील.

कोवळ्या शेंगेतले बी मटारासारखे खाता येते. जून बियांची पूड गढूळ पाणी निवळते, मात्र ते पाणी नंतर उकळूनच प्यावे. मुळांची साल विषारी आहे, ती खाऊ नये.

पावसाळ्यात केसाळ अळ्या दिवसा खोडावर झुंडीने बसतात. खाण्याच्या पाल्यावर रासायनिक फवारणी नको. पेटत्या टेंभ्याने अळ्या तिथेच जाळा, साल भाजू देऊ नका. भात कापणीनंतर शेळ्या मोकाट सुटतात, तेव्हा पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण हवेच.