टायमर थांबतो, विंडो पांढरी पडते: प्रोग्राम 'हँग' का होतो?

कॉम्प्युटरवर परीक्षा चालू आहे. वरच्या कोपऱ्यात उरलेली वेळ उलटी मोजली जातेय. १४:०७, १४:०६, १४:०५... आणि आकडा तिथंच थांबतो. माउस फिरतोय, पण बटण काही दाबलं जात नाही. थोड्या वेळाने अख्खी विंडो पांढरट पडते आणि वर अक्षरं येतात, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. समोरचा विद्यार्थी घाबरून प्रोग्राम बंद करतो. लिहिलेली उत्तरं गेली.

अशा वेळी शिव्या कॉम्प्युटरला बसतात. पण बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं. प्रोग्राम लिहिताना टायमरचं काम चुकीच्या थ्रेडवर टाकलेलं असतं.

खिडकी एक, कारकून एक

एक प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं करू शकतो. ही कामं ज्या स्वतंत्र वाटांनी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. पण स्क्रीनवरच्या बटणांना, अक्षरांना, रकान्यांना हात लावायचा हक्क साधारणपणे एकाच थ्रेडला असतो. त्याला यूआय थ्रेड किंवा मुख्य थ्रेड म्हणतात.

सरकारी कचेरीतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. कारकून एकच, बाहेर रांग. माउसची क्लिक, कीबोर्डवरचं बटण, 'विंडोचा हा भाग पुन्हा रंगव' हा निरोप, सगळे याच रांगेत. एकाचं काम पूर्ण झालं की पुढचा. कारकून चहाला गेला, तर रांग जागच्या जागी.

विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामने सुमारे ५ सेकंद रांगेतला एकही निरोप उचलला नाही, तर तो हँग झाला असं धरलं जातं. मग विंडोज त्याच्या जागी तशीच दिसणारी एक नकली विंडो उभी करतं. तिला घोस्ट विंडो म्हणतात. म्हणून हँग झालेली विंडो तुम्हाला सरकवता येते, बंद करायचा प्रयत्नही करता येतो. तुम्ही जिला हात लावताय, ती खरी विंडो नसतेच.

टायमरही रांगेतच उभा असतो

विंडोजचा साधा यूआय टायमर दर सेकंदाला कुणाला उठवून काम करायला लावत नाही. वेळ झाली की तो फक्त रांगेत चिठ्ठी देतो. त्यातही त्याचा नंबर शेवटचा, कारण क्लिक आणि कीबोर्डचे निरोप आधी घेतले जातात. कारकून तीन सेकंद अडकला, तर तीन चिठ्ठ्या साठत नाहीत, एकच मिळते.

म्हणजे दर चिठ्ठीला आकड्यातून १ वजा करणारा प्रोग्राम हळूहळू मागे पडतो. परीक्षेच्या ६० मिनिटांची मग ६१ मिनिटं होऊ शकतात. संपायची वेळ आधीच लिहून ठेवायची आणि प्रत्येक वेळी सिस्टिमचं घड्याळ पाहून वजाबाकी करायची, हा सरळ उपाय. एखादी चिठ्ठी हुकली तरी पुढचा आकडा बरोबरच येतो.

खरी पंचाईत पुढे आहे. समजा याच टायमरमध्ये दर ३० सेकंदांनी उत्तरं सर्व्हरवर पाठवायचं कामही टाकलं. नेट चांगलं असेल तर काहीच कळत नाही. नेट अडखळलं की कारकून खिडकी सोडून पोस्टात जाऊन बसतो. सुरुवातीच्या प्रसंगात आकडा थांबला, तो असा.

मग दुसरा माणूस ठेवला तर?

हे काम वेगळ्या थ्रेडवर टाकता येतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये 'टायमर' या एकाच नावाची दोन-तीन वेगळी साधनं आहेत आणि तिथंच अनेक जण फसतात. विंडोज फॉर्म्सचा टायमर यूआय थ्रेडवर चालतो. सिस्टिम.थ्रेडिंगमधला टायमर मात्र मागच्या थ्रेडवर चालतो. जावातही तसंच: स्विंगचा टायमर एक, युटिलमधला दुसरा.

मागच्या थ्रेडने थेट स्क्रीनवरची अक्षरं बदलायला जाणं म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच रजिस्टरमध्ये लिहिणं. २००५ मध्ये आलेल्या डॉटनेट २.० पासून विंडोज फॉर्म्स अशा वेळी 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' असा एरर देतं. पण मेख अशी की, ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. ग्राहकाच्या मशीनवर तोच प्रोग्राम दहा वेळा नीट चालेल आणि अकराव्यांदा विचित्र वागेल.

मग सगळ्यांनाच स्क्रीनला हात लावू द्या आणि मध्ये कुलूप घाला, असं वाटणं साहजिक आहे. तो प्रयत्नही झाला. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये त्यातली अडचण मांडली. क्लिक ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर प्रोग्रामकडे येते, तर प्रोग्रामचे हुकूम वरून खाली जातात. दोन्ही बाजू उलट्या क्रमाने कुलपं लावत येतात, मध्ये गाठ पडते आणि कुणीच हलत नाही. याला डेडलॉक म्हणतात. लिनक्सवरच्या जीटीकेनेही असं एक मोठं कुलूप दिलं होतं. जीटीके ३.६ पासून ते वापरू नका असं सांगितलं गेलं.

त्यामुळे मागच्या थ्रेडने स्क्रीनला हात न लावता यूआय थ्रेडच्या रांगेत चिठ्ठी द्यायची. विंडोज फॉर्म्समध्ये त्यासाठी इन्व्होक आणि बिगिनइन्व्होक आहेत, स्विंगमध्ये इन्व्होकलेटर. इन्व्होक उत्तराची वाट पाहत थांबतं, बिगिनइन्व्होक चिठ्ठी देऊन निघून जातं. यूआय थ्रेड मागच्या थ्रेडसाठी थांबलाय आणि मागचा थ्रेड इन्व्होक करून यूआय थ्रेडसाठी थांबलाय, असं झालं की पुन्हा डेडलॉक. 'पहले आप' म्हणत दोघंही प्लॅटफॉर्मवरच.

दोन खोड्या अजून

डॉटनेटमधला मागच्या थ्रेडवरचा टायमर आधीचं काम संपायची वाट पाहत नाही. ३० सेकंदांचा टायमर आहे आणि उत्तरं पाठवायला ४० सेकंद लागली, तर दुसरी फेरी पहिलीच्या डोक्यावर सुरू होते. पहिली उशिरा पोहोचली तर जुनी उत्तरं नव्यांवर लिहिली जाऊ शकतात. म्हणून टायमर एकदाच वाजेल असा लावायचा आणि काम संपल्यावर पुन्हा चालू करायचा. यूआय टायमरही यातून पूर्ण सुटत नाही. त्यात मेसेज बॉक्स दाखवला तर तो बॉक्स स्वतःच रांग पुढे चालवतो, टायमर वाजत राहतो आणि बॉक्सवर बॉक्स चढत जातात.

दुसरी खोडी जास्त वाईट. डॉटनेट फ्रेमवर्कमधला सिस्टिम.टायमर्स हा टायमर त्याच्या कामात आलेला एरर गिळून टाकतो. नेट गेलं, उत्तरं पोहोचलीच नाहीत, तरी प्रोग्राम बंद पडत नाही आणि स्क्रीनवर काही दिसतही नाही. तिथं एरर प्रोग्रामरने स्वतः पकडावा लागतो. 'उत्तरं जतन झाली' ही ओळसुद्धा सर्व्हरकडून पोच आल्यावरच यूआय थ्रेडच्या रांगेत टाकायची.

आणि हा टायमर थांबवल्यानंतरही, आधीच निघालेली एखादी फेरी मागाहून येऊ शकते. तोवर परीक्षेची विंडो बंद झालेली असेल, तर त्या फेरीने आधी विंडो जागेवर आहे का ते पाहायचं आणि नसेल तर मुकाट परत फिरायचं.