चाक आणि वारा

चाकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा भाराचा इतिहास सांगतो. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून निघालेले आरे गाडीचे ओझे उभ्याने पेलतात; दाबले जाणे हाच त्यांचा धर्म. सायकलच्या चाकाने हा धर्म उलटा केला. पॅरिसच्या युजीन मेयरने १८६९ साली तारांच्या चाकाचे पेटंट घेतले आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये त्या तारा तिरक्या, स्पर्शरेषेत बसवल्या. येथे स्पोक भार पेलतो तो ताणलेला राहून. हलकेपणा आणि मजबुती यांचा असा मेळ बसला, की त्यानंतर सुमारे शंभर वर्षे शर्यतीच्या सायकलीचे चाक मूलतः हेच राहिले.

या सगळ्या काळात भाराचा विचार झाला, वाऱ्याचा मात्र फारसा झाला नाही. वास्तविक सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. चाकाची गत तर आणखी विलक्षण. त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, तर माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीच्या चाकाचा माथा ताशी ८० किलोमीटरने हवेत घुसतो आणि त्याचे स्पोक रवीसारखे हवा घुसळत राहतात.

या घुसळणीला जगासमोर उत्तर दिले ते इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरने. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. त्याच शहरात जानेवारी १९८४ मध्ये मोझेर भरीव तबकडीसारख्या चाकांवर बसला. १९ तारखेला त्याने ५०.८०८ आणि २३ तारखेला ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. पुढे २००० साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने अशा साधनांनी केलेले विक्रम निराळ्या सदरात टाकले आणि तासाच्या विक्रमाचे माप पुन्हा मर्क्सच्या अंतरापाशी आणून ठेवले. श्रम माणसाचे किती आणि चाकाचे किती, हा त्यामागचा प्रश्न होता. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. प्रश्न मात्र मिटला असे म्हणता येत नाही.

परंतु मोझेरचे यश धावपट्टीवरचे होते. तेथे आडव्या वाऱ्याशी गाठ क्वचितच पडते. मोकळ्या रस्त्यावर, दीर्घ अंतरावर आणि एकट्याने या चाकाचे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला हवाई बेटांवर जावे लागते. ओआहू बेटावर १९७८ साली पंधरा जणांनी पहिली 'आयर्नमॅन' शर्यत सुरू केली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. १९८१ मध्ये ती कोनाला गेली. या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने सायकल हाकण्यास मनाई आहे. टूर द फ्रान्समधला स्वार दिवसाचा मोठा भाग सहकाऱ्यांच्या आडोशाला लपू शकतो. ट्रायथलॉनपटूला १८० किलोमीटर वारा स्वतःच्या छातीवर घ्यावा लागतो. चाकाच्या आकाराचे महत्त्व त्याच्यासाठी वाढले ते या एकटेपणामुळे.

कोनाचा रस्ता लाव्हाच्या काळ्या पठारावरून हावीकडे जातो आणि तेथे वारा समोरून न येता पुष्कळदा बाजूने झडप घालतो. भरीव चाक अशा वेळी शिडासारखे वागते. वारा थोडा तिरका असला तर हे शीड स्वाराला मदतही करते. अचानक झोत आला की तेच त्याला रस्त्याबाहेर ढकलते. म्हणूनच कोनाच्या जागतिक स्पर्धेत भरीव चाकावर अनेक वर्षे बंदी राहिली. समोरच्या वाऱ्याचे गणित करून घडवलेले चाक बाजूच्या वाऱ्यापुढे हरले होते.

यातून वाट काढणाऱ्यांत मिनेसोटाचे स्टीव्ह हेड अग्रभागी होते. त्यांच्या पत्नी ॲन स्वतः ट्रायथलॉनपटू, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे. चाकाच्या पुढल्या अर्ध्या भागात वारा आधी टायरला भेटतो. मागल्या अर्ध्या भागात मात्र तो आधी रिमच्या आतल्या कडेला भेटतो आणि मग टायरला. तेव्हा रिमला दोन्ही बाजूंनी वाऱ्याला सामोरे जाता आले पाहिजे. हेड आणि रॉबर्ट हॉग यांनी निमुळत्या, धारदार रिमऐवजी फुगीर कुशीची, टायरहून रुंद अशी रिम कल्पिली. १९९१ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक खोल रिमांची कूळकथा या विचारापाशी येऊन थांबते.

तथापि चाकाची थोरवी गाताना १९८९ सालची एक घटना विसरता येत नाही. टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टप्प्याआधी लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलीला पुढे-मागे दोन्ही चाके भरीव होती. ग्रेग लेमाँडचे फक्त मागचे चाक भरीव होते. पण त्याच्या हँडलला ट्रायथलॉनपटूंकडून आलेल्या, हात पुढे जोडून झुकू देणाऱ्या दांड्या होत्या. लेमाँडने तो टप्पा ५८ सेकंदांनी आणि टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. फिन्योंची दुखापत, त्याचे उघडे डोके, अशी इतर कारणेही सांगितली जातात, आणि ती खरी आहेत. तरीही वाऱ्याचा मोठा वाटा शरीर अडवते, चाक नव्हे, हा धडा त्यातून सुटत नाही.

आज चाक निवडणाऱ्याने हा इतिहास उलट्या क्रमाने वाचावा, असे आम्हांस वाटते. गोव्यात २०१९ साली निम्म्या अंतराची 'आयर्नमॅन ७०.३' झाली. तेव्हापासून हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरचाही झाला आहे. आधी झुकून बसण्याची ढब, मग टायर आणि रिम यांच्या रुंदीचा मेळ, आणि त्यानंतर रिमची खोली. मागचे चाक खोल चालते, कारण स्वाराचे वजन त्यावर अधिक असते आणि ते हँडलला वळवत नाही. पुढचे चाक हँडलशी बांधलेले. झोताचा हिसका थेट हातात येतो. हलक्या अंगाच्या स्वाराने तेथे विशेष जपावे. ऐंशी मिलिमीटर खोल रिम पवनबोगद्यात काही वॅट वाचवील. पण तिच्या धास्तीने स्वार पुनःपुन्हा ताठ बसू लागला, तर त्याची छातीच वारा अडवू लागते आणि रिमने मिळवलेले सारे जाते. वर आखडलेले खांदे घेऊन त्याला पुढे धावायचे असते, ते वेगळेच.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असे आपल्याकडे म्हणतात. हे शहाणपण ट्रायथलॉनपटूला पूर्णपणे उपयोगी नाही; परतीच्या वाटेवर त्याला वाऱ्याकडे तोंड करावेच लागते. मात्र कोणत्या वाऱ्याला किती अंग द्यायचे, हे ठरवणे त्याच्या हाती आहे. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या वाऱ्याचा असतो. आपल्या रस्त्यावरचा वारा कोणता आणि आपले हात त्याला कुठवर तोलून धरतील, हे ज्याचे त्याने रस्त्यावरच शिकायचे आहे. दीडशे वर्षांत चाक पुष्कळ बदलले. ते धरून ठेवणारा माणूस तेवढाच राहिला आहे.